मोठ्या बाबांची डावी दाढ

…आणि वर घरचे मलाच म्हणतात, "तूच म्हनत होती ना, बसवा म्हनून! आता भोग!" मी? मी म्हणत होते? अहो, मी म्हणत होते ते खाण्यासाठी! माणसाने दात बसवावेत, फुटाणे खावेत, ऊस सोलून खावा, चारचौघांत तोंड उघडून हसावं, जगभर लोक याच्यासाठीच दात बसवतात ना? की आणखी कशासाठी बसवतात? तुमच्यात बसवलेत कुणी? हात वर करा… नाही? मग ऐका. म्हणजे उद्या तुमच्या घरातलं कुणी म्हातारं दात बसवायला निघालं, तर आधी त्याला खाली बसवून विचाराल की बाबा रे, तुला हे दात नेमके कशाला पाहिजेत? मी हे विचारलं नाही. एम.एस्सी. झालेली मुलगी मी, आणि एवढा एक प्रश्न मी विचारला नाही! त्याचीच फळं भोगतेय. दात त्यांचे, डोकेदुखी माझी!

तर आमच्या घरात एक बाबा आहेत आणि एक मोठे बाबा. बाबा म्हणजे माझे वडील, ते बोलत नाहीत. मोठे बाबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, मुन्नालाल, ते थांबत नाहीत. नवेगाव बांधच्या पलीकडे आमचं गाव, सगळीकडे बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सगळीकडे धान, आणि त्या सगळ्या धानावर गेली चाळीस वर्षं एकाच माणसाच्या दाढेचं राज्य. अतिशयोक्ती नाही करत, तुम्हाला सांगते! मळणी झाली की लोक पोती भरायच्या आधी मूठभर धान घेऊन आमच्या ओसरीवर येणार. मोठे बाबा खाटेवर बसलेले. एक दाणा उचलणार, नखाने टरफल काढणार, डाव्या दाढेखाली ठेवणार, डोळे मिटणार, अख्खी ओसरी श्वास रोखून उभी… आणि कट्! एवढाच आवाज. मग डोळे उघडून निकाल. "वाळलं. ने केंद्रावर." नाहीतर, "ओलं आहे अजून. दोन दिवस पसरव." संपलं. त्याच्यावर अपील नाही!

कारण खरेदी केंद्रावर काय होतं माहीत आहे ना? तिथे मीटर लावतात. ओलावा सतराच्या वर निघाला की ट्रॅक्टर परत. भाडं वाया, दिवस वाया, आणि गावात नाचक्की वेगळी, की याला धान वाळवता येत नाही. मोठ्या बाबांनी "ने" म्हटलेला ट्रॅक्टर कधी परत आला नाही. कधीच नाही! लोक म्हणायचे, मुन्नालालभाऊची दाढ सरकारच्या मीटरले भारी आहे. आणि हे ऐकताना मोठे बाबा असे बसायचे, असे… जसं काही त्यांनी ऐकलंच नाही.

आता अशी दाढ असल्यावर माणसाने तिची काळजी घ्यावी की नाही? घेतलीच हो! जेवायचे ते उजवीकडून. सुपारी उजवीकडे, चणे उजवीकडे. आम्हाला सांगायचे, "उजवी दाढ पोटासाठी, डावी पारखीसाठी." डावीकडे कधी पापड नाही शिवला! आणि तरी काय झालं? न वापरलेल्या उजवीला काही नाही, म्हणजे भरपूर वापरलेल्या उजवीला काही नाही, आणि जिला देवासारखं जपलं ती डावी किडली! कारण डावीकडे ब्रश सुद्धा फिरवायचे नाहीत, धार जाईल म्हणून! सांगा आता! एक गेली, मग तिच्या शेजारची, मग वरच्या दोघी. दोन वर्षांत डावीकडे मैदान साफ.

मी म्हटलं, "मोठे बाबा, उजवीने चावा. दाणा तोच, तोंड तेच."

माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना परक्याच्या ताटात जेवायला सांगितलं. "उजवी खोटी बोलते, पोरी."

दाढ खोटी बोलते!

"चाळीस वर्षं खाऊन राहिली ते. ज्याले खायची सवय लागली, तो खरं बोलते का?"

दाढेची नियत फिरली म्हणे! बोला ना!

आणि नेमकं त्याच हंगामात छोटेलाल मामाने मशीन आणलं. छोटेलाल मामा म्हणजे मोठ्या आईचा, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोचा सख्खा भाऊ. आमच्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. चार वर्षं गोंदियाला राइस मिलमध्ये होता, त्यामुळे निम्मं हिंदी बोलतो आणि उरलेलं निम्मं नाकातून. त्याने ऑनलाइन मागवलं ते ओलावा मोजायचं मशीन, पिवळं, मुठीएवढं, आणि पानठेल्यावर उभा राहून सांगायला लागला, "मशीन कभी झूठ नहीं बोलती. मशीनला डोळे मिटायचं काम नाही. बटण दाबा, आकडा घ्या, घर जाओ!" आणि लोक गेले! चाळीस वर्षांची ओसरी सोडून लोक मूठ मूठ धान घेऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले!

मोठे बाबा खाटेवर. समोर रस्ता. रस्त्याने लोक जाताहेत, हातात पिशवी, पिशवीत धान, आणि आमच्या घरासमोर आले की पिशवी दुसऱ्या हातात घेतात, पलीकडच्या बाजूला. दिसू नये म्हणून! मोठ्या बाबांना दिसायचं. पण बोलायचे नाहीत. अहो, हा माणूस बोलायचा थांबला! मोठी आई, रुक्मा तिचं नाव, ती पंचेचाळीस वर्षं म्हणत आली होती की देवा, यांची जीभ एक दिवस तरी थांबव, ती सुद्धा घाबरली. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "ओमी, याईले ताप गिप नाही ना? काल भाजीत मीठ नोहतं, अन् चूप जेवले."

मी म्हटलं आपणच एक मीटर आणू. म्हटलं मी बटण दाबते, तुम्ही डोळे मिटून निकाल सांगा! तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तशीही बोलती बंदच होती, पण माझ्याशी वेगळी बंद केली. दात त्यांचे, डोकेदुखी माझी!

मग आधी कवळी झाली. ती काढघाल करायची असते ना, ती. नवेगावच्या दवाखान्यातून आणली, चार दातांची, गुलाबी. आणि या माणसाला घाई! घरी आले, हातपाय न धुता थेट दुधरामच्या खळ्यावर. दुधराम आमचा शेजारी, बिचारा नुकती उन्हाळी धानाची मळणी करून वीस पोत्यांची रास लावून उभा. दहा-बारा माणसं जमली. मोठ्या बाबांनी दाणा घेतला, टरफल काढलं, डाव्या दाढेखाली ठेवला, डोळे मिटले, जोर लावला… आणि कवळी उडाली! तोंडातून सुटली ती गोफणीच्या दगडासारखी आणि गेली थेट धानाच्या राशीत! वीस पोत्यांची रास हो! सूप आणलं, चाळणी आणली, बायका बसल्या पाखडायला, अर्धा तास, पाऊण तास, आणि मोठे बाबा तोंडाला गमछा लावून उभे, भलतीकडे पाहत, जसं काही ती कवळी दुसऱ्याच कुणाची. शेवटी मिळाली. मिळाली ती कुणाला? छोटेलाल मामाला! दोन बोटांत धरून उन्हात वर केली, फुंकर मारली, खिशातून ते पिवळं मशीन काढलं, आणि काय म्हणाला माहीत आहे?

"जीजाजी, दात वाळलेले आहेत. भरा पोत्यात."

सगळं खळं हसलं. दुधराम हसला, बायका हसल्या, आणि खोटं कशाला सांगू, मी पण हसले. घरी येईपर्यंत मोठे बाबा पुढे, मी मागे. आणि ओसरीवर पाय ठेवताना ते मागे न बघता एवढंच म्हणाले, "तुले हसू आलं ना, पोरी? येऊ दे. येण्यासारखंच होतं."

आता हे ऐकून कुणाचंही डोकं फिरेल की नाही? माझं फिरलं! रात्रभर नाही, तिथल्या तिथे फिरलं! मी मोबाइल काढला आणि शोधलं. इम्प्लांट! हाडात स्क्रू, स्क्रूवर दात, हलत नाही, उडत नाही, राशीत पडत नाही! मी नाचतच मोठ्या बाबांसमोर गेले. ते म्हणाले, "हाडात स्क्रू? मी काय खुर्ची आहो?" मी म्हटलं, "चावायला अगदी खऱ्यासारखा! इथे लिहिलंय!" त्यांनी मोबाइल घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी चमकलं. "खऱ्यासारखा?" म्हणाले. मी म्हटलं, "खऱ्यासारखा!"

हा शब्द मी दिला. लक्षात ठेवा. इथेच मी मेले.

गोंदियाला गेलो. दोन तास एसटी, मग ऑटो, मग दवाखाना, काचेचं दार, एसी, आणि डॉक्टर स्वप्निल. वय असेल तीस. मोठे बाबा माझ्या कानात, म्हणजे त्यांच्या मते कानात, अख्ख्या दवाखान्याला ऐकू गेलं, "याचे सोताचे दुधाचे पडले का?" डॉक्टर बिचारे हसले. "आइए बाबाजी, मुँह खोलिए." मग फोटो, मग स्कॅन, मग रक्त, मग शुगर. सगळं ठीक. हाड तर इतकं छान म्हणे, की डॉक्टर स्वतः खूश! मोठे बाबा म्हणाले, "घरचं धान खाल्लं आहे."

मग डॉक्टरांनी तो स्क्रू दाखवला, नमुन्याचा. मोठ्या बाबांनी काय करावं? हातात घेतला, नखाने टोकरला, कानाशी वाजवला, आणि तोंडात टाकायला निघाले! "चावून पाहतो ना आधी! माल पाहिल्याबगर कोन घेते?" मी हात धरला! डॉक्टरांनी दुसरा हात धरला! मग त्यावर बसणारा दात कशाचा म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले झिरकोनिया, सिरॅमिकच असतं, एकदम मजबूत. मोठे बाबा माझ्याकडे वळले. "म्हंजे कपबशीचा?" मी म्हटलं हो. "कपबशीच्या दातानं धान पारखू मी?" मी म्हटलं मोठे बाबा, आता चूप! डॉक्टरांना विचारा ना सरळ. त्यांनी विचारलं, "चावता येईल?" डॉक्टर म्हणाले, "बिलकुल चावता येईल!" झालं. दोघांचं समाधान. एकाने चावण्याचं विचारलं, दुसऱ्याने चावण्याचं सांगितलं. आणि मधे मी बसले होते, एम.एस्सी. बॉटनी, फर्स्ट क्लास!

मे महिन्यात स्क्रू बसले, चार. दोन वर, दोन खाली. इंजेक्शन देऊन अर्धं तोंड बधिर, तरी उरलेल्या अर्ध्याने डॉक्टरांना विचारत होते, सरळ बसून राहिला ना, ओळीत बसून राहिला ना. आणि डॉक्टर म्हणाले, आता चार महिने थांबायचं. हाडाला स्क्रू धरू द्यायचा. मी म्हटलं गेलं! हा माणूस चार मिनिटं थांबत नाही, चार महिने काय थांबणार! पण मोठे बाबा एकदम शांत. मान हलवली. "समजलं. रोवणा आहे." डॉक्टर म्हणाले, काय? "रोवणा! धानाचा रोवणा करते ना माणूस, चिखलात रोप लावते, मंग ते मूळ धरेपर्यंत हात लावते का? नाही लावत. हलवलं का गेलं." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, ताई, हे आता मी सगळ्या पेशंटना असंच सांगेन.

मग काय! पूर्ण पावसाळा बाहेर बांध्यांत रोवणा आणि घरात तोंडात रोवणा! पेज खायचे, मऊ भात खायचे, आणि रोज सकाळी मोबाइलने हिरडीचा फोटो काढून आमच्या घरच्या ग्रुपवर टाकायचे! सकाळी उठून मी मोबाइल उघडते, तर लोकांना गुलाबाची फुलं येतात, मला हिरडी! खाली लिहिलेलं, "दिवस बाविसावा. रोवणा ठीक." बंगळूरच्या भावाने विचारलं, कोणत्या बांधीतला आहे? आणि मोठी आई! तिला कळलं की तोंडात धातू आहे. जूनमध्ये वीज कडाडली की दारात आडवी उभी राहायची. "बांधीत जाऊ नोका! लोखंड आहे तोंडात! वीज तुमाले शोधत येईल!" मी म्हटलं मोठी आई, ते टायटॅनियम आहे, आणि तोंड बंद असतं. ती म्हणाली, "याईचं? बंद?" 

पूर्ण पावसाळा तो माणूस ओसरीवर बसून छत्रीतून जाणाऱ्या माणसांना सांगायचा, "दिवाळीच्या आधी या. धान घेऊन या. दाढ तयार होऊन राहिली." आणि लोक हो हो म्हणून जायचे. छोटेलाल मामाकडे.

ऑक्टोबरमध्ये दात बसले. काय सांगू तुम्हाला, काय दात! पांढरे, घट्ट, अगदी शेजारच्यांसारखे, ओळखू येऊ नयेत! डॉक्टरांनी तो निळा कागद चावायला दिला, टक टक करा म्हणाले, इथे घासलं, तिथे घासलं, झालं. मोठ्या बाबांचा हात खिशात गेला. मला माहीत होतं तिथे काय आहे! पुडीत धान! मी म्हटलं इथे नाही. ते म्हणाले, बरोबर आहे. इथं नाही. खळ्यावर. सगळ्यायच्या समोर. बसमध्ये दोन तास पुडी मुठीत, पण दाणा तोंडात घातला नाही, हे मी शपथेवर सांगते. मला वाटलं केवढा हा संयम! आता कळतं, थोडी भीती पण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तेच दुधरामचं खळं. हलकं, म्हणजे लवकर येणारं धान निघालं होतं, ताडपत्रीवर पसरलेलं. मोठ्या बाबांनी अख्खं गाव बोलावलं होतं. धुतलेलं धोतर, नवा गमछा. पन्नास माणसं! बायका, पोरं, पानठेला बंद करून पानठेलेवाला! छोटेलाल मामा मशीन घेऊन पुढेच उभा. "टाकून देऊ आज मशीन, जीजाजी? भंगारवाला आला आहे गावात." मोठे बाबा हसले. पूर्ण तोंड उघडून! चारही दात दाखवले, उन्हात चमकले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी म्हटलं हे माझं काम! हे मी केलं!

दाणा घेतला. टरफल काढलं. डाव्या दाढेखाली. डोळे मिटले. शांतता… कट्.

आम्ही थांबलो.

मोठे बाबा डोळे उघडेनात. पुन्हा एक दाणा घेतला. कट्. पुन्हा एक.  आणि मग डोळे उघडून त्यांनी सगळ्यांना सोडून माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेले. हळूच म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा खरंच हळू, "ओमी… हे काईच सांगून नाही राहिली. दगडानं दगड फोडल्यासारखं आहे. दाणा तुटते. पन मले समजून नाही राहिलं."

नंतर मी डॉक्टरांना फोन केला ना! मी कडाडलेच त्यांच्यावर! ते म्हणाले, "ताई, खरा दात हाडात गादीवर बसल्यासारखा असतो, मधे बारीक पडदा असतो, त्याला बारीक दाब कळतो. हा स्क्रू सरळ हाडाला धरून आहे. तो चावतो, पण त्या दातासारखं कळत नाही." म्हटलं मग आधी का नाही सांगितलं? म्हणाले, "तुम्ही विचारलं चावता येईल का." बरोबर आहे! चावता येईल का हे सगळं जग विचारतं! कळेल का हे कोण विचारतं? दात त्यांचे, डोकेदुखी माझी!

पण ते नंतर. तेव्हा खळ्यावर पन्नास माणसं उभी. आणि छोटेलाल मामा नाकातून, "बोला जीजाजी! किती? सबको काम है!" मोठ्या बाबांना ठोकून देता आलं असतं. "वाळलं" नाहीतर "ओलं", काहीतरी म्हणायचं. अंदाजाने बरोबरही निघालं असतं! पण तो माणूस हात जोडायला लागला. तुम्हाला सांगते, त्यांनी गमछा काढला खांद्यावरून, आणि त्यांचे हात असे जवळ यायला लागले, गावासमोर, छोटेलाल मामासमोर, हे सांगायला की माझ्याने होत नाही… आणि मला ते बघवेना! माझं डोकं सणकलं! मी खाली वाकले, एक दाणा उचलला, टरफल काढलं, टाकला दाढेखाली, आणि चावला!

तो तुटला नाही. म्हणजे तुटला, पण कट् नाही झालं. आधी थोडा दबला. चेपला. मग तुटला. किती थोडा, काय सांगू, केसाएवढा! पण कळला! मला कळला!

"ओलं आहे!" मी ओरडले. "दोन दिवस पसरवा!"

छोटेलाल मामा हसला. मशीनमध्ये धान भरलं, बटण दाबलं, आणि आकडा बघून त्याचं हसू असं ओघळलं, असं… दुधरामने मान लांब करून वाचलं. "एकोनीस पॉइंट दोन."

खळं दणाणलं! बायका ओरडल्या, मी उड्या मारत होते, एम.एस्सी. झालेली मुलगी मी, धानात उड्या मारत होते, दुधराम म्हणत होता बाई, धानावरून उतर! आणि मोठे बाबा? त्यांनी मला धरलं, माझा डावा गाल उन्हाकडे वळवला आणि म्हणाले, "पुन्हा चाव." मी चावला. त्यांनी स्वतःचा कान माझ्या गालाला लावला! "आनखी एक. तोंड बंद ठेव, आवाज बाहेर जाऊन राहिला." मी चावला. त्यांनी डोळे मिटले. अख्ख्या खळ्याने श्वास रोखला. आणि डोळे उघडून, तोच जुना आवाज, तीच मान, "एकोनीस नाही. साडेअठरा. मशीनची बॅटरी उतरली आहे."

लोकांनी मानलं! हो, मानलं! कारण आकडा कुणीही सांगतो हो, डोळे मिटून कोण सांगतो?

आता आमच्या ओसरीची गर्दी बघा तुम्ही! सकाळी सातपासून लोक मूठभर धान घेऊन. मोठे बाबा खाटेवर, मी शेजारी स्टुलावर. दाणा मी चावायचा, कान त्यांनी लावायचा, निकाल त्यांनी द्यायचा, पाया लोकांनी त्यांच्या पडायचं! मी मधे! मी म्हणजे मशीन! लोक मला नमस्कार सुद्धा करत नाहीत, मीटरला कोण नमस्कार करतो? आणि त्यांचे ते चार नवे दात? रिकामे आहेत ना आता. त्या दातांनी बसल्या बसल्या फुटाणे खातात, माझ्या कानाशी, कडाम कुडूम! मी म्हटलं आवाजाने मला ऐकू येत नाही. म्हणाले, "तुले कायले ऐकू यायचं आहे? तू चाव."

आणि माझ्या तोंडावर पहारा! डावीकडून खायचं नाही. गोड खायचं नाही. बर्फाचा गोळा नाही. परवा लग्नात मी सुपारीला हात लावला, तर पंगतीच्या त्या टोकावरून ओरडले, "ओमी! डावीकडं नको!" पाचशे लोकांनी माझ्याकडे वळून बघितलं! ब्रश मात्र करू देतात, दोन्हीकडून, स्वतः उभे राहून. एवढं तरी शिकले.

मला वाटलं होतं, हंगामापुरतं आहे. हलकं धान संपलं. पण उशिरा येणारं भारी धान अजून उभं आहे, आणि त्यात परवा मला मेल आला. नागपूरला नोकरी! बियाण्यांच्या प्रयोगशाळेत! एक डिसेंबरला रुजू व्हा! मी घर डोक्यावर घेतलं, मोठ्या आईला गरागरा फिरवलं, आणि मग आठवलं की एक डिसेंबर म्हणजे ऐन मळणी.  म्हटलं आता मोठे बाबा रडणार, गावाची शपथ घालणार, खाट सोडणार नाहीत. मी तर भांडायची सगळी वाक्यं पाठ करून गेले. माझं शिक्षण, माझं आयुष्य, मी काय तुमची दाढ आहे का!

एक वाक्य बोलू दिलं नाही.  म्हणाले, "जाय ना, बेटा. कोन अडवून राहिलं तुले? शिकली कायले मंग?"

 म्हटलं केवढा हा माणूस, आणि मी काय काय बोलणार होते यांना! खाली वाकून पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. ठेवलाच. उचलेनात. आणि म्हणाले, "फक्त डावीकडच्या चार दाढा स्वप्निल डॉक्टरकडं काढून ठेव, अन् मंग जाय. त्या मले बसवून देईल तो. तुले नवीन बसवते. चांगले असते ते, मी वापरून पाहिले. खायले एक नंबर!"

हसा. तुम्ही हसा! मी पण हसले, मला वाटलं गंमत करताहेत. संध्याकाळी दवाखान्यातून मेसेज आला. दात त्यांचे, डोकेदुखी माझी, असं म्हणायचीही आता सोय राहिली नाही… गुरुवारी अकराची वेळ घेतलीय त्यांनी. माझ्या नावाने!